तक्रार काही नाही

आमच्या दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्याखाली एक रकाना असायचा : तक्रार. छापखान्यातून वर्षानुवर्षं तो तसाच छापून येई. बाई समोर बसली की मी पेन उघडून विचारायची, "काय होतंय?" आणि ती जे सांगेल ते त्या रकान्यात उतरायचं. कंबर दुखते. अंगावरून जातंय. पाळी चुकली.

एका सोमवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी, एक नवराबायको आत आले. ती पतसंस्थेत नोकरीला, तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. लग्नाला आठ महिने झालेले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "होत काही नाही मॅडम. पुढच्या वर्षी मूल व्हावं असं आमच्या मनात आहे. त्याच्याआधी जे काय बघायचं असतं ते बघून घ्या."

पेन रकान्यावर तसंच टेकून राहिलं. काय लिहावं ते सुचेना. शेवटी मी लिहिलं, "तक्रार काही नाही."

कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावात बाळंतपणं करत मी तीस वर्षं काढली. त्या सोमवारपर्यंत, दिवस राहण्याच्या आधी आपणहून तपासायला आलेली जोडपी मी हाताच्या बोटांवर मोजू शकले असते. बाकीच्या सगळ्या पाळी चुकल्यावर येतात, आणि तेही लगेच नाही. आधी पंधरा दिवस वाट पाहायची. मग सासूला कुणकुण लागते. मग कुणीतरी म्हणतं, तीन महिने होईस्तोवर चारचौघांत बोलू नये. त्यातच शेताची कामं असतात, नवऱ्याला सुट्टी नसते. पहिल्या तपासणीला येते तेव्हा दुसरा महिना सरत आलेला असतो.

हे सगळं अडाणीपणामुळे होतं, असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही. आमच्याकडे मूल 'राहतं'. दिवस 'जातात'. पाळणा 'हलतो'. नीट ऐकलं तर या बोलण्यात बाई काही करतच नाही. तिच्या बाबतीत काहीतरी घडतं. मूल नको असेल तेव्हा मात्र भाषेत करणं येतं : पाळणा लांबवला, ऑपरेशन करून घेतलं. हवं असताना त्याची तयारी करणारी बाई कशी बोलेल, यासाठी आपल्या बोलीने शब्दच ठेवलेला नाही. दिवस गेल्याचं कळलं की घरदार जागं होतं, ओटी भरते, डोहाळे पुरवले जातात, पाचव्या-सातव्या महिन्यात हिरव्या साडीतला फोटो निघतो. त्याआधीचे तीन महिने तिच्या ताटात काय आहे हे कुणी पाहत नाही.

शिवाय नव्या सुनेने बाळंतपणाच्या डॉक्टरची पायरी चढणं, हीच एक बातमी असते. "काय गं, काही प्रॉब्लेम आहे का?" असं शेजारीण हमखास विचारते. म्हणजे आली ती एकतर गरोदर, नाहीतर तिच्यात खोट. या दोन्हींच्या मधली, धडधाकट, विचार करून आलेली बाई बसेल अशी खुर्ची आम्हीही ठेवली नव्हती. आमचा रकाना तेच सांगत होता.

वेळेचा हिशेब मी आता प्रत्येकीला केसपेपरच्या पाठीमागे काढून दाखवते. समजा तिची पाळी एकतीस दिवसांच्या महिन्याच्या १ तारखेला आली. बीज फळतं ते साधारण १५ तारखेला. पुढची पाळी २९ला यायची, ती आली नाही. त्या दिवशी गर्भ दोन आठवड्यांचा आहे. त्यानंतर ती पंधरा दिवस वाट पाहते आणि पुढल्या महिन्याच्या १३ तारखेला माझ्याकडे येते. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे १२ तारखेला. हृदय त्याच्याही आधी, बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी धडधडू लागलेलं असतं. ती लाजत, हसत माझ्यासमोर बसते, मी पेढ्याची चेष्टा करते, आणि मग फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देते. जिच्यासाठी ती गोळी मुख्यतः द्यायची ती नळी आदल्या दिवशी मिटून गेलेली असते.

ती नळी वरून किंवा खालून नीट मिटली नाही तर बाळाची कवटी तयार होत नाही, किंवा मणका उघडा राहतो. ज्यांना आधी असं मूल झालं होतं अशा स्त्रियांवर केलेला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा मोठा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतं, हे त्यात दिसलं. आपल्या सरकारच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातही लिहिलेलं आहे, की मूल हवं असणाऱ्या स्त्रीने आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. कागदावर सगळं आहे. बाईच्या हातात गोळी पडते ती मात्र गरोदर म्हणून नाव नोंदल्यावर.

एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. तेवीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली. लघवीला जळजळ होते म्हणून आली होती. मी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, चार मिनिटांत ती बाहेर. वर्षभराने ती आली तेव्हा पाचवा महिना लागला होता आणि हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. बाळाच्या कमरेजवळ मणका उघडा होता, डोक्यात पाणी साठलं होतं. दुसरं कुणी नसताना हळूहळू विचारलं तेव्हा तिने सांगितलं. लहानपणापासून तिला फिट यायच्या. त्यासाठी रोज व्हॅल्प्रोएट चालू होतं. सासरी कुणाला माहीत नव्हतं. गोळ्या ती माहेरून आणायची आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत ठेवायची. रोज रात्री डब्यात हात घालून एक काढायची.

व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू असेल तर साधारण दहात एका बाळात मोठा जन्मजात दोष आढळतो, आणि मणक्याचा दोष त्यातला ठळक. फिटसाठी त्याहून सुरक्षित औषधं आहेत. पण औषध बदलायचं, नवा डोस बसवायचा, फिट आटोक्यात राहतात ना हे पाहायचं, याला महिने लागतात आणि हे सगळं दिवस राहण्याच्या आधीच करावं लागतं. आपल्या मनाने अचानक गोळी बंद केली तर फिट येऊन आईच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तोही रस्ता नाही. त्या मुलीने काहीच चुकीचं केलं नव्हतं. ती इमानाने आपलं औषध घेत होती. वर्षाआधीच्या त्या चार मिनिटांत मी दोन प्रश्न विचारायला हवे होते : दुसरी कुठली गोळी चालू आहे का, आणि मुलाचा विचार कधी आहे. मी विचारले नाहीत. ते मूल तिने ठेवलं नाही. निर्णय तिचा होता, दुःखही तिच्या एकटीच्या वाट्याला आलं, कारण घरात तिला खरं कारण सांगता येणार नव्हतं.

तेव्हापासून मी तांदळाचे डबे शोधत असते. पहिल्या भेटीत सांगते, घरात ज्या ज्या गोळ्या घेता त्या पिशवीत घालून घेऊन या, पाकिटं फाटलेली असली तरी चालतील. टेबलावर पिशवी उपडी केली की काय काय निघतं! थायरॉइडची गोळी, जी "बरं वाटलं म्हणून" दोन महिन्यांपूर्वी बंद झाली. रक्तदाबाची अशी एक गोळी, जी एरवी उत्तम पण गर्भाच्या किडनीला घातक. तोंडावरच्या मुरमांसाठी शहरातून आणलेली आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल, जी चालू असताना गर्भ राहूच देऊ नये. आणि कधीकधी पुरचुंडीत बांधलेलं, मुलगा व्हावा म्हणून कुणी दिलेलं औषध. असल्या औषधाने मुलगा होत नाही, आणि त्यात नेमकं काय कुटलंय हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते मी तिच्यादेखत फेकून देते.

पिशवीत नसते ती वस्तू म्हणजे मिशरीची डबी. ती कनवटीला असते, किंवा ब्लाउजात. आमच्या भागातल्या बायका तव्यावर तंबाखू भाजून काळी करतात, वाटून डबीत भरतात आणि सकाळी दात घासायला म्हणून घेतात. मग दुपारी एकदा, भांगलताना एकदा, रात्री झोपताना एकदा. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "छे, नाही." ते उत्तर खोटं नसतं. तिच्या लेखी मिशरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासणं. म्हणून मी विचारते, "मिशरी दिवसातून कितीदा लावता?" मग ती बोटं मोजू लागते. एका सासूने सुनेची बाजू घेत मला सांगितलं होतं, "आवो, पोट साफ हुतं तेनं. मी पाच पोरं काढली मिशरी लावून." मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, पाचातली किती जगली?" त्या गप्प झाल्या. तो प्रश्न कठोर होता, आणि आज मी तो तसा विचारणार नाही. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिशरीवाल्याच होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. आता मी हा आकडाच सांगते. अडीच किलोच्या बाळातले शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगावं लागत नाही. पण दिवस राहिल्यावर, उलट्या चालू असताना, मिशरी सुटत नाही. ती आधी सोडावी लागते.

बाकी तपासण्यांची यादी कुठल्याही लॅबच्या भिंतीवर मिळेल : हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट, गरमी, एचआयव्ही, काविळीचा बी विषाणू. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मधुमेह असलेल्या स्त्रीने तेवढं लक्षात ठेवावं, की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीए१सी म्हणतात, तो साडेसहाच्या आत आणून मगच दिवस राहू द्यावेत. कारण बाळाचं हृदय घडत असताना वाढलेली साखर त्यात दोष निर्माण करू शकते. आणि रुबेलाची लस. अंगावर बारीक पुरळ येऊन तीन दिवसांत बरा होणारा हा आजार गर्भाच्या डोळ्यांवर, हृदयावर घाला घालतो हे १९४१ साली सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती महाराष्ट्रात २०१८च्या अखेरीस. त्याआधी शाळा सोडलेल्या अनेक मुलींना ही लस मिळालेलीच नाही. ती गरोदरपणात देता येत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणजे तिची वेळ एकच आहे, आधीची.

छातीला स्टेथोस्कोप लावणं या यादीत नसतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. खेड्यात वाढलेल्या मुलीला लहानपणी घसा दुखून ताप येतो, गुडघे सुजतात, आठ दिवसांत बरं वाटतं, सगळे विसरतात. त्या सांधेतापाने हृदयाची एक झडप हळूहळू आखडत जाते. मुलगी मोठी होते, विहिरीवरून पाणी आणते, भांगलते, तक्रार काही नसते. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, आणि सातव्या महिन्याच्या सुमाराला त्या अरुंद झडपेतून ते जाईनासं होतं. मग एका रात्री ती आडवी होऊ शकत नाही, उठून बसते, तोंडाला फेस येतो. अशा दोन जणींना मी रात्री जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले आहे. एक वाचली. ती झडप आधी सापडली असती तर फुग्याने रुंद करता येते, आणि मग बाळंतपण बहुतेक वेळा सुखरूप होतं. स्टेथोस्कोप लावायला दोन मिनिटं लागतात आणि त्याला लॅबचा खर्च नाही.

पतसंस्थेतली ती मुलगी. तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. दमायची का, विचारलं तर म्हणाली, "सगळ्याच दमतात की." २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चौपन्न स्त्रियांत रक्त कमी आढळलं. इतक्या जणी दमत असतील तर दमणं ही तक्रार राहत नाही. एका गरोदरपणाला एकूण सुमारे हजार मिलिग्रॅम लोह लागतं, आणि रिकाम्या कोठारातून ते काढायला गेलं की आईचं आधी संपतं. तोंडाने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन एका अंकाने वाढायला साधारण महिना जातो. नऊवरून बारावर जायला तीन महिने. तिने चार घेतले.

हे लिहिताना मला परळची आठवण येते. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या, ज्यात रक्तपेशी लहान होण्याऐवजी फुगलेल्या असतात. विल्स त्यांच्या ताटात काय आहे हे पाहत गेली. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं द्रव्य काय ते दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. जगभरच्या स्त्रिया जी गोळी दिवस राहण्याआधी घेतात तिचा शोध गिरणीतल्या गरोदर बायकांच्या रक्तातून सुरू झाला. त्यांतल्या कितीतरी आमच्याच सातारा-सांगली-कोल्हापूरकडून, कोकणातून पोटासाठी गेलेल्या घरांतल्या.

आणि गोष्ट तिथे थांबत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या लग्न झालेल्या बायकांची मोजमापं त्या गरोदर होण्याच्या आधीपासून घेतली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून कळलं, की आपल्याकडच्या बहुसंख्य आयांत बी-१२ कमी असतं, आणि बी-१२ कमी नि फॉलिक ॲसिड भरपूर अशी जोडी मुलांच्या पुढच्या प्रकृतीला मानवत नाही. दुकानात सर्रास मिळते ती फॉलिक ॲसिडची गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या बारा पटींहून जास्त. ज्यांना आधी दोष असलेलं मूल झालं आहे किंवा फिटची औषधं चालू आहेत, अशांना तो मोठा डोस डॉक्टर मुद्दाम देतात. इतरांनी केमिस्टकडून उचलून आणून घेऊ नये, आणि दूधही क्वचित मिळणाऱ्या शाकाहारी बाईचं बी-१२ आधी पाहावं.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून काही वर्षं 'सारस' नावाचा प्रकल्प चालला. सहा हजारांवर स्त्रियांनी त्यात भाग घेतला. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला समोशासारखा पदार्थ द्यायचे, दिवस राहण्याच्या आधीपासून. ज्या अगदी काटकुळ्या होत्या त्यांच्या बाळांच्या वजनात फरक पडला नाही. जरा बऱ्या अंगाच्या होत्या त्यांच्या बाळांच्या वजनात पडला. पण गरोदरपणातला मधुमेह, जो दुसऱ्या गटात शंभरात बारा जणींना झाला, तो या गटात सातांना झाला. मूठभर पालेभाजी, फळं आणि दुधाचा हा परिणाम. परळ, पुण्याची खेडी, मुंबईच्या वस्त्या : जगाला हे शिकवणाऱ्या बायका आपल्याच आहेत. म्हणून मला याची जास्तच टोचणी लागते.

एक गोष्ट शिकायला मला वेळ लागला. तपासणी म्हणजे खोट काढणं, ही बायकांची भीती खोटी नसते. थॅलेसेमियाच्या चाचणीत एका नव्या सुनेला ती वाहक आहे असं निघालं. वाहक आजारी नसते. तिला काही होत नाही. नवराही वाहक असेल तरच प्रत्येक बाळंतपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मी हे सगळं तिला सांगितलं आणि म्हटलं, आता नवऱ्याचं रक्त तपासू. नवरा आला नाही. आली ती सासू, रिपोर्ट हातात घेऊन, आणि तिने मला विचारलं, "लग्नाआधी हे तुमच्या ध्यानात आलं नाही का?" जणू माल परत करायला ती आली होती. मुलगी दाराशी उभी होती. त्या दिवसापासून मी दोघांचं रक्त एकाच वेळी घेते, दोघांना एकाच वेळी बसवते आणि निकाल दोघांना एकत्र सांगते. एकटीचा रिपोर्ट मी घराकडे पाठवत नाही.

हेच विदर्भात, नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेलच्या बाबतीत होतं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तरण्या मुलामुलींची तपासणी त्यात होते, हे फार चांगलं आहे. पण कार्ड हातात आल्यावर 'वाहक' या शब्दाचा अर्थ ज्या घरात कुणी समजावून सांगत नाही, तिथे ते कार्ड मुलीच्याच विरुद्ध वापरलं जातं. समजावून सांगायला कार्ड छापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा. आमच्या भागात आते-मामे भावंडांत लग्नं होतात. तिथे तर घराण्यात कुणाला काय होतं, कुठलं मूल लहानपणी गेलं, हे दोन्ही बाजूंच्या आज्यांना विचारल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. पत्रिकेसाठी छत्तीस गुण जमवताना आपण जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मी पुरेल.

आणि पुरुष. तो बाहेर बाकावर मोबाईल बघत बसतो, कारण त्याला वाटतं त्याचा यात काही संबंध नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणजे बायकोच्या गोळ्या चालू असलेले तीन महिने त्याचेही आहेत. त्याची तंबाखू, त्याची दारू, त्याची साखर, त्याचा रक्तगट, त्याची गरमी. बायकोला औषध देऊन बरं करायचं आणि नवऱ्याकडून ती पुन्हा आजार घेऊन यायची, असं मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

दिवाळी झाली की आमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीत राहणाऱ्या, पहाटे चारला फडात जाणाऱ्या त्या मुलींना हे सगळं कोण सांगणार? सहा महिने इथे, सहा महिने गावी. नाव कुठल्याच उपकेंद्राच्या वहीत धड नाही. मी आठवड्यातून एक संध्याकाळ तिकडे जाते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि तोच प्रश्न, मुलाचा विचार कधी. एक म्हणाली, "बाई, असं कुणी इचारलंच न्हाई कधी."

सोनोग्राफी होते अशा प्रत्येक दवाखान्यात एक पाटी लावावी लागते, तशी माझ्याही भिंतीवर आहे : इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. पाटीवर ज्या कायद्याचं नाव आहे त्यात 'गर्भधारणापूर्व' हा शब्द आहे. १९९४च्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली तेव्हा तो आला. ती पाटी गरजेची आहे आणि राहायलाच हवी. पण एके दिवशी ती पुसताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या सगळ्या दवाखान्यात 'गर्भधारणापूर्व' हा शब्द फक्त तिथेच, मनाई करण्यासाठी लिहिलेला आहे. त्याच महिन्यात मी छापखान्याला नवा केसपेपर दिला. 'तक्रार' तसाच ठेवला. त्याच्याखाली एक रकाना वाढवला : 'मुलाचा विचार आहे का? केव्हा?' आता तो मी सगळ्यांना विचारते, लघवीच्या जळजळीला आलेलीलाही, दाढ दुखते म्हणून शेजारच्या डॉक्टरकडे आलेल्या आणि चुकून माझ्या बाकावर बसलेलीलाही. 'नाही' म्हणणारीला पाळणा लांबवायचा उपाय देते. 'माहीत नाही' हेही उत्तर लिहिते.

तुमच्या घरात यंदा लग्न झालं असेल, किंवा पहिल्या मुलानंतर आता दुसऱ्याचा विचार चालला असेल, तर एवढं करा. पाळी चुकायची वाट पाहू नका. ठरवलंत त्याच्या तीन महिने आधी जवळच्या डॉक्टरकडे, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. "काय होतंय?" असं विचारलं तर सांगा, काही होत नाही, मूल हवंय म्हणून आलोय. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. मिशरीची डबीही न्या. आणि नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका, आत न्या.